पाटकरी नसलेलं पाणी

१८१९ साली धुळ्यात ४०१ घरं होती आणि २,५०९ माणसं. कॅप्टन जॉन ब्रिग्जने खानदेश जिल्ह्याचं ठाणं म्हणून हे गाव निवडलं, त्या सुमाराची ही मोजदाद. गावाचं त्याने केलेलं वर्णन एका ओळीत मावतं: भोवती बागायत, एका अंगाला पाट, दुसऱ्या अंगाला नदी, आणि दोहोंच्या मध्ये दाटून बसलेलं छोटं गाव. नदी म्हणजे पांझरा. ती अजून आहे. तिच्यावर पूल आहेत, काठाने रस्ते आहेत, पलीकडे देवपुरात एकवीरादेवी आहे. पाट मात्र शहराच्या बोलण्यातूनच उठून गेला. आम्हाला धुळ्याचा इतिहास सांगितला गेला तो लळिंगच्या किल्ल्यापासून राजवाडे संशोधन मंडळापर्यंत. गावाची एक शीव वाहत्या पाण्याची होती, हे त्यात कुठे आलं नाही.

ती ओळ वाचल्यापासून मला शहराखालच्या पाण्याचा नाद लागला. हा नाद जगात अनेकांना असतो. लंडनमध्ये फ्लीट नावाची नदी अठराव्या शतकात टप्प्याटप्प्याने झाकली गेली. पुढे १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली, तेव्हा जोसेफ बॅझलजेटने विटांच्या प्रचंड भुयारी गटारांचं जाळं बांधलं आणि फ्लीटही त्याच व्यवस्थेत गेली. आज रबरी बूट आणि कपाळावर दिवा बांधून त्या भुयारांत उतरणारी हौशी मंडळी आहेत. त्यांचे फोटो मी रात्र-रात्र पाहिले आहेत आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर हेवा केला आहे. आपल्याकडे उतरायला तसं काही नाही. आमचं गाडलेलं पाणी फार खोल गेलेलंच नाही. ते शहाबादी फरशीखाली आहे, पानटपरीच्या फळीखाली आहे, कुणाच्या ओट्याखाली, कुणाच्या दुकानाच्या स्लॅबखाली, हातभर अंतरावर आहे. ते शोधायला दिवा लागत नाही, जूनमधला एक दणकट पाऊस लागतो.

धुळं या कामाला सोयीचं शहर आहे. ब्रिग्जने वसवलेल्या भागात रस्ते सरळ आहेत आणि गल्ल्यांना नंबर आहेत. पत्त्यात अजूनही 'गल्ली नंबर अमुक' असंच लिहितात. व्यापाऱ्यांनी यावं म्हणून त्याने घरबांधणीच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, जुन्या-नव्या रहिवाशांना पक्की घरं बांधायला उचल दिली, लांबून कारागीर आणवले. म्हणजे सरळ रेषा आधी आखली आणि माणसं नंतर आली. पाण्याला अशी सरळ गल्ली आवडते. पाऊस पडला की प्रत्येक गल्लीतून ते आपला कल दाखवत निघतं, आणि मध्येच एखाद्या ठिकाणी, जिथे आडवं काहीच दिसत नाही तिथे, वळतं. अशा वळणाच्या जागी मी उभा राहतो. छत्री धरून गटाराकडे एकटक बघणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, हे सोडून द्या. पण अशा उभं राहण्यातच कुणीतरी म्हातारं माणूस थांबतं आणि बोलायला लागतं. एकदा एका पिठाच्या गिरणीपाशी थांबलेल्या आजोबांनी माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि न विचारताच अहिराणीत सांगून टाकलं, "आठे पाट व्हता भाऊ. आते गटार शे." एवढं बोलून ते दळण घेऊन निघून गेले.

पाटाबद्दल बोलायचं तर धुळं सोडून पांझरेच्या काठाने जावं लागतं, कारण पाट हा एकटा नसतो. त्याच्यामागे फड असतो. पश्चिम खानदेशात आणि लगतच्या बागलाणात, पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवर गावाने मिळून पाणी वाटायची ही फड पद्धत तीन-चारशे वर्षं चालत आलेली आहे. नदीला आडवा बंधारा, बहुतेक ठिकाणी उंचीने अगदी बेताचा. त्याच्या कुशीतून निघणारा पाट, दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणाऱ्या बारीक सऱ्या, आणि जास्तीचं पाणी परत नदीला नेऊन सोडणारे सांडवे. गावाचं भिजणारं सगळं रान साधारण चार फडांत वाटलेलं. एका फडात एकच पीक. यंदा ऊस कुठे, गहू कुठे, भुसार कुठे हे गाव ठरवतं. दरसाल पीक एका फडातून दुसऱ्या फडात सरकतं, आणि पाऊस कमी झाला तर एखादा फड कोरडा ठेवायचं तेही गावच ठरवतं.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग ज्याचं रान कोरड्या फडात त्याचं काय? इथेच या पद्धतीची खरी हुशारी आहे. बहुतेक शेतकऱ्यांचा जमिनीचा तुकडा प्रत्येक फडात असतो. त्यामुळे एक फड कोरडा राहिला तर सगळ्यांचं थोडं-थोडं नुकसान होतं, एकाचं सगळं होत नाही. पाण्याचा तुटवडा वाटून घ्यायची ही रीत कुठल्या कायद्याने आली नाही. जमिनीच्या वाटणीतच ती बसवलेली होती.

आणि या सगळ्यावर माणसं नेमलेली. पाटकरी बंधाऱ्यापासून पाटावर नजर ठेवणार. बारेकरी शेतात पाणी फिरवणार. शेताच्या मालकाने स्वतः फावडं घेऊन बारं, म्हणजे पाण्याचं तोंड, फोडायचं नाही. जागल्या फडाची राखण करणार. त्यांची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची. पावसाळ्यापूर्वी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस जायचं. न्याहळोदच्या बाजूला एका आप्पांशी मी यावर बराच वेळ बोललो. मी आपला पुस्तकी प्रश्न विचारला, की पाणी सोडायची वेळ कशी ठरायची. ते हसले. म्हणाले, "पानी नुसतं सोडानं नही ऱ्हास भाऊ, राखनं पडस." पाणी नुसतं सोडायचं नसतं, राखावं लागतं. मला वाटतं, गाडलेल्या पाण्याच्या सगळ्या इतिहासावर इतकं नेमकं मी दुसरं काही ऐकलेलं नाही.

कारण शहराने नेमकी हीच गोष्ट सोडली. पाण्याचा उतार तोच राहिला, मार्ग पुष्कळसा तोच राहिला. पण पाटाला पाटकरी होता, त्याच रेषेतल्या गटाराला कुणी नाही.

पाट आणि नाले बुजवायला कुणी फावडी घेऊन एका दिवसात येत नाही. ते हळूहळू होतं आणि त्यात प्रत्येकाचं पाऊल लहानच असतं. आधी नाल्याकडे घराची पाठ होते. मग परसातली मोरी तिकडे उघडते. मग पोरंबाळं पडू नयेत म्हणून कठडा बांधला जातो, आणि हे काम कुणालाही चांगलंच वाटतं. मग डास होतात म्हणून फरशी येते. फरशीवर सायकल उभी राहते, मग गाडी, मग टपरी, मग एका निवडणुकीच्या आगेमागे टपरीच्या जागी शटर येतं. माझ्या आत्याच्या घराची मागची खोली अशाच एका नाल्यावर उभी आहे. आत्या असं म्हणत नाही. ती म्हणते, "ती खोली उन्हाळ्यात गार राहते रे." मे महिन्यात खानदेशात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा आम्ही सगळे भाचे त्याच खोलीत झोपायला धडपडायचो. खाली काय आहे हे आम्हाला वासावरून माहीत होतं, पण उन्हापुढे वासाचं काही चालत नाही.

मोती नाला, सुशी नाला ही नावं धुळेकरांना वर्षातून एकदाच आठवतात, मोठ्या पावसानंतर. वर्तमानपत्रात 'नाल्याचं पाणी घरांत शिरलं' अशी बातमी येते. आत्याच्या गल्लीत याची मांडणी वेगळी होते: घरं नाल्यात शिरली होती, पाणी फक्त आपल्या जागेवर आलं. पण हे सांगणारी माणसंही पुढच्या उन्हाळ्यात स्लॅब वाढवतात. सप्टेंबर १८७२ मध्ये पांझरेला आलेल्या पुराने धुळ्याची मोठी नासाडी केली, घरंदारं गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये नदी पुन्हा शहरात आली. दीडशे वर्षांच्या अंतराने नदी आपली हद्द दाखवून जाते. नाल्याला तेवढा धीर नाही, तो दर दोन-चार वर्षांनी येतो.

इथे एका तरुण इंजिनिअरची गोष्ट सांगायला हवी. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात एक बावीस-तेवीस वर्षांचा असिस्टंट इंजिनिअर नाशिकला रुजू झाला आणि खानदेशात कामावर आला. पांझरेच्या एका पाटाचं पाणी प्रवाहाखालून पलीकडे न्यायचं, त्यासाठी नळांचा सायफन बसवायचा, हे त्याला मिळालेलं सुरुवातीचं काम. जागा साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळची. पाऊस सुरू झाला तेव्हा काम पुढे ढकलावं असं त्याने वर कळवलं. वरच्या साहेबाला ते रुचलं नाही. आणि मग त्याने ते भर पावसाळ्याच्या अडचणींतून पुरं केलं. या तरुणाचं नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

सायफन म्हणजे काय, ते पाटावर गेल्याशिवाय नीट कळत नाही. उघडं पाणी चढण चढत नाही, हे पाटाचं पहिलं सूत्र. पण तेच पाणी बंद नळात घातलं आणि नळ प्रवाहाच्या तळाखालून नेला, तर पाणी खाली उतरतं आणि पलीकडच्या अंगाला जवळजवळ मूळ पातळीपर्यंत पुन्हा वर येतं. थोडी उंची घर्षणात जाते, तेवढा फरक दोन तोंडांत ठेवावा लागतो. वरून नदी वाहते, खालून पाट वाहतो, दोघांची भेट होत नाही. फक्त एक भीती कायम असते: खालच्या वळणात गाळ बसतो. म्हणून सायफनच्या तोंडाशी जाळी हवी, गाळ खाली बसवणारा हौद हवा, आणि ते साफ करणारा माणूस हवा. तो माणूस नसला तर उत्तम सायफनही काही पावसाळ्यांत ठार बुजतो.

विश्वेश्वरय्यांच्या नावाभोवती आपण धरणं आणि पुतळे रचून ठेवले आहेत, पण माझ्या डोक्यात ते आधी गटारांचे इंजिनिअर आहेत. १९०१ मध्ये ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. एडन बंदरासाठी पाणी आणि मलनिस्सारणाची योजना त्यांनी सुचवली. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या भयंकर पुरानंतर हैदराबादला बोलावणं आलं, तेव्हा पूरनियंत्रणाच्या जोडीने त्या शहराच्या मलनिस्सारणाचा आराखडाही त्यांनीच केला. त्याआधी नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली: गावाचं भिजणारं रान एका ठिकाणी घ्यायचं, त्याचे भाग पाडायचे आणि पिकं त्यांत फिरवायची. पांझरेच्या फडात उन्हातान्हात हिंडलेल्या माणसाला ही कल्पना कुठून सुचली असेल, याचा तर्क खानदेशी माणूस करणारच. मीही करतो आणि त्यात मला थोडा गावाचा अभिमान मिसळलेला आहे, हे उघड आहे.

जमिनीखालचं पाणी प्रत्यक्ष बघायचं असेल तर मात्र खानदेशातच जागा आहे. फक्त ती आता मध्य प्रदेशात आहे. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की तासाभरात बऱ्हाणपूर येतं. फारुकी सुलतानांची ही राजधानी, तापीकाठची, खुल्दाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने वसवलेली. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश मुघलांकडे गेला. सुभ्याचं ठाणं, दक्षिणेत जाणाऱ्या फौजांचा तळ, म्हणून शहर भराभर वाढलं आणि नदीचं पाणी पुरेना. शिवाय उघडं पाणी शत्रूला सहज नासवता येतं. मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी कुठे मुरतं ते हेरलं आणि ते जमिनीखालच्या बोगद्याने, कुठेही न उपसता, निव्वळ उताराने शहराकडे आणलं. अशा आठ व्यवस्था होत्या. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा अशी त्यांची नावं. सर्वांत प्रसिद्ध तो कुंडी भंडारा.

बऱ्हाणपूरच्या लालबागकडे गेलं की शेतात, घरांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला एका रेषेत गोल तोंडाच्या विहिरी दिसायला लागतात. वीसेक मीटरवर एक, अशा शंभराहून जास्त. यांना कुंडी म्हणतात. वरून ती विहीरच वाटते, पण विहीर एकटी असते आणि कुंडी एका माळेतली असते. सगळ्या कुंड्या तळाशी एकाच बोगद्याने जोडलेल्या. बोगदा खणताना माती काढायला, हवा खेळती ठेवायला आणि पुढे साफसफाईसाठी माणूस उतरवायला या कुंड्या. एका कुंडीत लिफ्ट बसवलेली आहे. लोखंडी पिंजऱ्यात उभं राहून ऐंशी फूट खाली गेलं की वरचं ऊन संपतं आणि गुडघ्याच्या आसपास स्वच्छ पाणी लागतं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले, काही ठिकाणी संगमरवरासारखे गुळगुळीत. बोगदा इतका अरुंद की दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. हे पाणी चारशे वर्षं वाहतं आहे आणि अजून लोक ते भरतात. आमच्या सोबत उतरलेल्या एका बाईंनी, त्या तिथल्याच होत्या, मराठी आणि हिंदीच्या मधल्या त्यांच्या भाषेत सांगितलं की लाइटवाली मोटर बंद पडते, हे बंद पडत नाही.

मी मात्र खाली उभा राहून भलताच विचार करत होतो. उताराचा बोगदा, ठराविक अंतरावर माणूस उतरेल एवढी उभी वाट, वर गोल तोंड. हा भुयारी गटाराचा नकाशा आहे. धुळ्याला देवपुरात भुयारी गटारासाठी रस्ते उकरले तेव्हा मी रोज हेच बघत होतो. साधारण तीस मीटरवर एक चेंबर, दोन चेंबरमध्ये पाइप, सगळं उतारावर. तबकुतुल अर्जला आज देवपुरात आणून उभं केलं असतं तर त्याला काहीच समजावून सांगावं लागलं नसतं. फक्त पाइपात काय वाहणार आहे, हे ऐकून तो काय म्हणाला असता कोण जाणे.

देवपुरातल्या त्या खोदकामाने लोकांना फार छळलं. धूळ, खड्डे, पावसात चिखल, पडलेल्या दुचाक्या. ठेकेदाराच्या नावाने मीही पुष्कळ बोटं मोडली आहेत, त्याची उजळणी इथे नको. मला वेगळी शंका आहे, आणि ती पाण्याची आहे. भुयारी गटार पाण्यावर चालतं. मैला वाहून न्यायचा तर पाइपातल्या प्रवाहाला निदान दिवसातून एकदा सेकंदाला ०.६ मीटरच्या आसपास वेग यावा लागतो. नाहीतर घन तळाशी बसतो आणि पाइप चोंदतो. म्हणूनच आपल्याकडच्या सरकारी निकषात भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, आणि गटार नसलेल्या गावात ७० लिटर. धुळ्यात नळ रोज येत नाही. ज्या घरात चार-सहा दिवसांचं पाणी टाकीत, पिंपात आणि कळशीत साठवून पुरवलं जातं, तिथली बाई संडासात बादली ओतताना हात आखडता घेणारच, आणि तिने घ्यावाच. धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं संडासाला, असा आमच्याकडे पाण्याचा प्रवास असतो. अशा काटकसरीच्या घरांखालून जाणाऱ्या पाइपाला वेग कुठून यायचा?

वेग मंदावला की दुसरं संकट. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. पाइपाच्या वरच्या ओलसर भागावर जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, आणि सिमेंटचा पाइप आतून, डोक्याच्या बाजूने, खाल्ला जातो. वर आमची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि या वर्षानुवर्षांच्या फुगण्या-आकसण्यात पाइपांचे सांधे हलतात. कपाशीला जी माती मानवते ती गटाराला मानवत नाही.

मग चोंदलेल्या चेंबरमध्ये कुणीतरी उतरतं. कुंडी भंडाऱ्यात मी हौसेने पिंजऱ्यात बसून उतरलो. इथे माणूस दोरीला धरून उतरतो. तोच हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास देतो, आणि फार झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो, म्हणजे धोका वाढतो तसा इशारा बंद होतो. वरचा माणूस खालच्याला वाचवायला उतरतो आणि दोघंही जातात, ही बातमी आपण इतक्या शहरांच्या नावाने वाचली आहे की शहराचं नाव लक्षात राहत नाही. हाताने मैला साफ करायला माणूस लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच काय ते आलं. पूर्वी टोपलीचे संडास होते तेव्हा घरामागच्या बोळातून पहाटे येणाऱ्या बाईचं तोंड कुणी पाहायचं नाही, अशी घरांची रचनाच होती. मागचं दार त्यासाठीच वेगळं. टोपली गेली, बोळ बुजले, पण तोंड न पाहण्याची सवय काही गेली नाही. फडातला जागल्या गावात सर्वांच्या ओळखीचा असायचा, त्याचा वाटा काढून ठेवला जायचा. गटाराची राखण करणाऱ्याला कंत्राटात नाव नसतं.

मी अर्थातच गटारं नकोत म्हणत नाही. उघडी गटारं, सेप्टिक टाक्यांतून नाल्यात जाणारं काळं पाणी, दर पावसाळ्यातली डेंग्यूची साथ, हे सगळं घरात भोगलेला माणूस तसं म्हणूच शकत नाही. पण पाइप घातला म्हणजे काम झालं, ही जी समजूत आहे तिच्यावर माझा राग आहे. पाट खणल्यावर काम संपलं असं पांझरेकाठच्या एकाही गावाला कधी वाटलं नाही. तिथून काम सुरू व्हायचं. उद्घाटनाच्या फलकावर खर्चाचा आकडा असतो, योजनेचं नाव असतं, मान्यवरांची यादी असते. दर उन्हाळ्यात गाळ कोण काढणार, याची ओळ मी एकाही फलकावर वाचलेली नाही.

आता गंमत अशी, की शहरात ज्या पाण्याला कुणी वाली नाही त्याला शहराबाहेर पडताच वाली भेटतात. नळाने आलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं गणित धरतात. म्हणजे नदी आटली तरी हे वाहतं. फेब्रुवारीनंतर धुळ्याच्या खालच्या अंगाला नदीपात्राने चालत गेलं तर वाळूच्या कडेने जी काळसर धार दिसते ती शहराची आहे, आणि त्या धारेत मोटारींचे फुटव्हॉल्व्ह बुडवून ठेवलेले दिसतात. घास, गिलके, मेथी. पाणी घाण आहे हे शेतकऱ्याला ठाऊक आहे, त्याच्या पायाला खाज सुटते. पण वैशाखात ज्याच्याकडे बारमाही धार आहे त्याला ती सोडवत नाही. पाटाचं गटार झालं ते शहरात. शहराबाहेर त्या गटाराचा पुन्हा पाट झाला आहे. बंधारा नाही, पाळी नाही, ज्याची मोटार मोठी त्याचं पाणी.

उद्या हे पाणी शुद्ध होऊन बाहेर पडेल तेव्हा त्याला आणखी मागणीदार येतील. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणात असं आहे की मलशुद्धीकरण केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक वीज केंद्रांनी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरावं. भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या केंद्राच्या आसपास असलेल्या शहरांना हे लागू पडणारं आहे. कारखानेही मागतील, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. वाफ थंड करायला हातनूर धरणाचं गोडं पाणी कशाला? पण मग खालच्या अंगाला इतकी वर्षं त्याच धारेवर जगलेल्या रानांचं काय, हे ठरवायला फडासारखी एखादी बैठक बसायला हवी, जिच्यात खालच्या गावचा माणूसही असेल.

न्याहळोदकडच्या आप्पांना मी हे सगळं सांगितलं होतं. शुद्धीकरण, धोरण, पन्नास किलोमीटर. त्यांनी शांतपणे ऐकलं, तंबाखू मळली, आणि विचारलं, "ते समदं ठीक शे. पन पाटकरी कोन ऱ्हाई?"